सकाळी हॅण्ड पंप मारल्याशिवाय डिझेल पिकअप चालू होत नाही? मोठा पंप उतरवण्याआधी हे बघा

रात्री दहाला नीट बंद केलेली गाडी. पहाटे तीनला ६० क्रेट टोमॅटो भरून उभी. सेल मारला की स्टार्टर फिरतो, इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही. दहा सेकंद, परत दहा सेकंद. बॅटरी बसत चाललेली आणि सायलेन्सरमधून धुराचा कणसुद्धा नाही. मग बॉनेट उघडायचं, मोबाइलच्या उजेडात फीड पंपावरची (टाकीतून डिझेल खेचणारा छोटा पंप) हॅण्ड पंपाची मूठ चाचपायची, पंधरा-वीस वेळा मारायची आणि परत सेल. लगेच चालू! त्यानंतर दिवसभर काही तक्रार नाही. माळशेज उतरते, मुरबाड-कल्याणवरून वाशी मार्केट गाठते, येताना रिकामी घाट चढून येते. दुसऱ्या दिवशी पहाटे परत तेच.

माझ्याकडे हे दोन वर्षं चाललं. सलग नाही, आणि डोकं खाल्लं ते त्यामुळेच. चार दिवस गाडी एका सेलवर चालू व्हायची, मग चार दिवस रुसायची. दर वेळी काहीतरी बदलायचो, चार दिवस बरं वाटायचं, आणि बदललेल्या वस्तूमुळेच बरं झालं असं मी धरून चालायचो.

गाडी २००६ ची, चार सिलिंडर, डीआय (थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं) इंजिन, मायकोचा इनलाइन पंप. हाच तो मोठा पंप, डिझेल दाबून नोजलला देणारा. मायको म्हणजे १९५१ साली सुरू झालेली, बंगळूरची मोटर इंडस्ट्रीज कंपनी. २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण नारायणगावपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत कुठल्याही काउंटरवर आजही ‘मायकोचं नोजल’ असंच मागतात आणि दुकानदार बॉशचा डबा पुढे करतो. तुमच्या गाडीला गोल रोटरी पंप असेल तरी खालचं बरंचसं लागू पडेल, एक फरक लक्षात ठेवून: इनलाइन पंपाच्या खालच्या भागाला इंजिन ऑइलचं वंगण मिळतं, रोटरी पंप आतून डिझेलवरच वंगण घेतो. त्यामुळे हवा आणि पाणी त्याला जास्त लवकर मारतात. कॉमन रेल (सगळ्या नोजलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणारी) गाडी असेल तर मात्र हे वाचून पाने हातात घेऊ नका. तिथे रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो आणि पाइप सैल करून एअर (लाइनमधली हवा) काढायचा प्रकार तिथे चालत नाही.

आमच्या मिस्त्रीने पहिल्याच दिवशी निकाल दिला होता. “भाऊ, पंप गेला तुमचा. एलिमेंट घासलेत. पंप उतरवू, कॅलिब्रेशनला टाकू, नोजलपण चारी करून घेऊ.” एलिमेंट म्हणजे मोठ्या पंपातल्या डिझेल दाबणाऱ्या प्लंजर-बॅरलच्या जोड्या. अंदाज १४,००० रुपये, गाडी तीन दिवस उभी. टोमॅटोच्या हंगामात तीन दिवस म्हणजे काय ते ज्याचा माल शेतात पिकून उभा आहे त्यालाच कळतं. मिस्त्री लबाड नव्हता. पंपवाल्याकडे पाठवायची सवय लागलेली असते एवढंच. पंप उतरवला की गाडी हमखास थोडी तरी सुधारते, कारण उतरवताना-बसवताना सगळे वायसर बदलले जातात. मूळ रोग वायसरचा असला तरी नाव पंपाचं होतं.

मला यातून बाहेर काढलं ते शेजारच्या तात्यांनी. एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. ओट्यावर बसून तीन प्रश्न विचारले. सेल मारताना धूर येतो का? हॅण्ड पंप मारताना पहिले चार-पाच झटके पोकळ जातात का? आणि चालू झाल्यावर ओढ कमी वाटते का?

या तीन प्रश्नांतच अर्धं निदान आहे. सेल मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण जळत नाही. मग नोजल, कॉम्प्रेशन, टायमिंग किंवा स्टार्टर हळू फिरतोय का ते बघा. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचतच नाही. आणि हॅण्ड पंप पहिल्यांदा पोकळ जाऊन नंतर जड होत असेल, जड झाल्यावर गाडी ताबडतोब चालू होत असेल, तर रात्रभरात लाइनमधलं डिझेल मागे टाकीत उतरलंय. एलिमेंट घासलेला पंप हॅण्ड पंप मारल्याने एकदम तरुण होत नाही. तो गरम इंजिनलाही त्रास देतो, ओढीतही कमी पडतो. माझी गाडी भरल्या लोडची दिवसभर नीट चालत होती, म्हणजे मोठा पंप निर्दोष.

एक फुकटची गोष्ट आधी बघून घ्या, नाहीतर माझ्यासारखी फजिती होईल. इंजिन बंद करायची स्टॉप केबल पूर्ण परत जाते का? एकदा ती गंजून अर्ध्यात अडकली होती आणि मी तासभर एअर काढत बसलो होतो.

बाहेर गळत नाही म्हणून गळती नाही, असं नसतं

टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीची आहे. फीड पंप डिझेल खेचतो, त्यामुळे या भागात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. इथे बारीक फट पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली थेंब नाही, डाग नाही, वास नाही. आपण चेसीसखाली वाकून बघतो, कोरडं दिसतं आणि म्हणतो लाइन ओके आहे. फीड पंपाच्या पुढे, फिल्टर आणि मोठ्या पंपाकडे, लाइन दाबाची. तिथली फट ओली दिसते. म्हणजे जी गळती दिसते ती शोधायला सोपी, आणि रात्री गाडी मारते ती न दिसणारी.

पिकअपची टाकी चेसीसला खाली लटकलेली, फीड पंप तिच्यापेक्षा वर. इंजिन बंद झालं की लाइनमधलं डिझेल वजनाने मागे जायला बघतं. पाइपच्या वरच्या टोकाला हवा शिरायला जागा नसेल तर ते जागच्या जागी लटकून राहतं. स्ट्रॉचं वरचं तोंड बोटाने दाबून उसाचा रस उचलतो ना, तसंच. बोट जरा सैल झालं की रस खाली. आपल्याला ते सैल झालेलं बोट शोधायचंय.

तात्यांनी सांगितलेली कॅनची परीक्षा अशी. स्वच्छ पाच लिटरचा कॅन घ्या, त्यात दोन-तीन लिटर डिझेल. टाकीकडून फीड पंपाला येणारा पाइप सोडवा आणि त्याजागी नवा कोरा रबर पाइप लावून त्याचं टोक कॅनमध्ये तळापर्यंत बुडवा. कॅन टाकीच्याच उंचीवर, खाली ठेवा. इथे बरेच जण चुकतात, कॅन बॉनेटवर नाहीतर केबिनच्या टपावर ठेवतात. वर ठेवला की डिझेल वजनाने स्वतःच उतरतं आणि हवा शिरायची फट झाकली जाते. परीक्षेचा निकाल खोटा येतो. हॅण्ड पंप मारून, एअर काढून गाडी चालू करा, पाच मिनिटं चालवून बंद करा आणि झोपा. कॅनचं तोंड पाइपभोवती फडक्याने सैलसर झाका, घट्ट नको.

सकाळी एका सेलवर चालू झाली तर दोष टाकी आणि फीड पंपाच्या मधल्या लाइनमध्ये किंवा टाकीत. तरी रुसली तर फीड पंप, फिल्टर किंवा परतीची लाइन. माझी लगेच चालू झाली. सलग तीन रात्री. गाडी बाजारात न नेता अंगणात ठेवली होती, घरच्यांनी विचारलं हे काय खूळ.

कॅन वर ठेवायचाही उपयोग आहे, पण वेगळा. कॅन इंजिनच्या वर बांधला की ओढीच्या लाइनमध्येही आतून बाहेर दाब तयार होतो आणि लपलेली फट ओली व्हायला लागते. सगळे सांधे फडक्याने कोरडे करायचे, वर खडूची पूड भुरभुरायची आणि तासाभराने बघायचं. पूड जिथे गडद झाली तिथे फट. फीड पंपाच्या वाटीखालचं पॅकिंग मला असंच सापडलं.

पारदर्शक पाइपचा तुकडाही कामाचा. फीड पंपाच्या आधी वीतभर लावा, इंजिन चालू ठेवा आणि बुडबुडे येतात का बघा. हा तुकडा फक्त तपासायला. पाणी मारायचा किंवा कूलरचा पारदर्शक पाइप डिझेलमध्ये काही दिवसांत लाकडासारखा कडक होतो, आणि इंजिनच्या उष्णतेजवळ असला तर दबून चपटा होतो. मी तो महिनाभर तसाच ठेवला होता. घाटात गाडी गुदमरायला लागली तेव्हा काढला.

काय बदललं आणि कितीला पडलं

रबर पाइपपासून सुरुवात केली. वरून दिसायला चांगला होता, वाकवल्यावर बारीक भेगा उघडल्या. लांबीत चिरून बघितला तर आतला थर एका जागी सुटून पापुद्र्यासारखा लोंबत होता. असा पापुद्रा कधी झडपेसारखा बसतो, कधी उघडतो. गाडी चार दिवस चांगली आणि चार दिवस वाईट चालायचं एक कारण तिथेच निघालं.

रबर असं का होतं, यात वयाबरोबर डिझेलचाही वाटा आहे. माझी गाडी आली तेव्हाच्या बीएस-२ डिझेलमध्ये ५०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ५००) गंधक चालायचं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, त्यात मर्यादा १० पीपीएम. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले इतरही काही घटक कमी होतात. जुन्या डिझेलमध्ये फुगून घट्ट बसलेली नायट्राइल रबराची सील नव्या डिझेलमध्ये थोडी आकसतात. नवीन सील असेल तर फरक पडत नाही, पंधरा वर्षांचं कडक झालेलं असेल तर पडतो. बीएस-६ डिझेलने पंप घासतो अशी एक ओरडही ऐकू येते. वंगणगुण टिकवायला कंपन्या त्यात ॲडिटिव्ह घालतात आणि त्याची मर्यादा मानकातच आहे, त्यामुळे पेट्रोल पंपावरच्या डिझेलची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती त्यात रॉकेल मिसळणाऱ्यांची. दोन पैसे वाचतात आणि एलिमेंटचं वंगण जातं.

पाइप घेताना दुकानात ‘डिझेल पाइप’ एवढंच म्हणू नका, त्यावर एसएई जे३० आर७ किंवा आर९ छापलेलं आहे का बघा. आर९ ला आतून व्हायटॉन नावाच्या रबराचा थर असतो, तो महाग पण जास्त टिकतो. ओढीच्या लाइनला मी आर७ लावला. मीटरमागे जो फरक पडतो त्यात चहाचे पाच-सहा कप होतील, त्यामुळे इथे गॅसचा किंवा पाण्याचा पाइप लावायचा मोह आवरा. क्लिपा गुळगुळीत पट्टीच्या घ्या. खाचांच्या पट्टीची स्वस्त क्लिप आवळली की रबर त्या खाचांतून वर येतं, कापलं जातं आणि तिथूनच पुन्हा हवा.

मग तांब्याचे वायसर. बँजो बोल्टच्या (ज्याच्या पोटातून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंना एकेक. जुने वायसर दाबून कडक झालेले असतात, पुन्हा आवळले तरी बसत नाहीत आणि आपण जोर लावून बोल्टचे आटे घालवतो. नवे घ्या, काही रुपयांचे आहेत. दुकान बंद असेल, रस्त्यात असाल, तर जुना वायसर गॅसवर लालबुंद करून पाण्यात टाका. लोखंड असं केल्याने कडक होतं, तांबं मऊ होतं. वरची काजळी बारीक पॉलिश पेपरने काढायची आणि बसवायचा. माझे असे दोन वायसर अजून गाडीत आहेत. ॲल्युमिनियमच्या वायसरवर हा प्रयोग करू नका, तो हातातच वितळेल.

टेफ्लॉन टेप मात्र डिझेल लाइनला कुठेही नको. तिचे धागे सुटतात आणि थेट फीड पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. टाकीला बाहेरून साबण चोळून गळती थांबवायचा जुना ट्रकवाल्यांचा उपाय वाटेतल्या वाटेत चालतो, कारण साबण डिझेलमध्ये विरघळत नाही. पण तो घरी पोचण्यापुरता.

फीड पंपासाठी पूर्ण नवा पंप घेऊ नका. आत एक पिस्टन, दोन झडपा, स्प्रिंगा आणि सील एवढंच असतं, आणि किट मिळतं. झडपेखाली कचऱ्याचा एक कण बसला तरी डिझेल मागे जातं. उघडताना फीड पंपाच्या वाटीतली बारीक जाळी नक्की बघा. माझ्या जाळीवर काळा चिकट थर होता. टाकीच्या तळाला पाणी राहिलं की पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढतात, त्यांचाच तो शेंबूड. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या पत्र्याला दव धरतं, ते पाणी खाली साचतं.

फीड पंपाची दुसरी एक खूण पैसे वाचवणारी आहे. इनलाइन पंपावरचा फीड पंप आतून झिजला तर डिझेल पंपाच्या पोटात आणि तिथून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, पातळ झालं असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर आजच फीड पंप उघडा. ते ऑइल घेऊन घाट चढवू नका, बेअरिंगं जातील.

फिल्टरची जोडी एकदमच बदलली. पहिला जाड कचऱ्याचा, दुसरा कागदी बारीक. बऱ्याच जणांना एकच बदलायची सवय असते. वाटीखालचं रबर रिंग नवं लावायचं आणि जुनं खाचेत चिकटून राहिलं नाही ना ते नखाने चाचपायचं. दोन रिंगा एकावर एक बसल्या की गळती ठरलेली. नवा फिल्टर बसवताना त्यात डिझेल ओतून भरायचं असेल तर ते स्वच्छ असू द्या, भंगार कॅनमधलं नको.

इथवर करून गाडी सहा दिवस मस्त चालू झाली. मी गावभर सांगत सुटलो. सातव्या दिवशी पहाटे परत हॅण्ड पंप.

गेज अर्ध्याच्या खाली आलं की

आता मात्र मी वहीत लिहायला लागलो. रोज पहाटे एका सेलवर चालू की हॅण्ड पंप, आणि बाजूला गेजचा काटा कुठे. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. टाकी अर्ध्याच्या वर असली की गाडी निमूट चालू, खाली आली की रुसवा. मी डिझेल भरत होतो वाशीहून आल्यावर, आठवड्यातून दोनदा. चार दिवस चांगली आणि चार दिवस वाईट यामागचं कोडं हे होतं! पापुद्र्याचा पाइप हा एक चोर होता, पण दुसरा टाकीत बसला होता.

टाकीत वरून एक बारीक लोखंडी पाइप तळापर्यंत उतरतो, त्यातून डिझेल खेचलं जातं. तो मध्यावर गंजून त्याला टाचणीएवढं भोक पडलं होतं. टाकी भरलेली असली की भोक डिझेलखाली, त्यातूनही डिझेलच आत येणार. पातळी भोकाच्या खाली गेली की तिथून हवा. कॅनच्या परीक्षेत गाडी पास झाली होती, कारण कॅन लावला तेव्हा टाकी आणि तिचा हा पाइप बाजूलाच पडला होता. तेव्हाच टाकी उघडायला हवी होती, पण रबर पाइप फाटलेला मिळाला आणि मी तिथेच थांबलो.

पाइपाचं युनिट टाकीवरून काढलं, खालचं तोंड रबराच्या बुचाने बंद केलं आणि वरून सायकलच्या पंपाने हळू हवा भरत पंक्चरवाल्यासारखं पाण्याच्या टबात बुडवलं. बुडबुड्यांची एक माळ. गॅस वेल्डिंगवाल्याकडे नेऊन भोकावर पितळी ब्रेझिंग करून आणलं. टाकी मात्र गाडीवरच राहिली, आणि हे मी मुद्दाम सांगतो. टाकीला कधीही वेल्डिंग करू देऊ नका, रिकामी असली तरी. रिकाम्या टाकीतली वाफच भडकते आणि असे अपघात गॅरेजांत झालेले आहेत. युनिट सोडवायचं, लांब न्यायचं, पुसायचं, मग आगीजवळ.

टाकी उघडीच होती तर तळाचा ड्रेन बोल्ट काढून गाळ आणि पाणी काढून टाकलं. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे आधी तेच येतं. साधारण पेलाभर निघालं. झाकणाचं हवेचं छिद्रही साफ केलं. ते बुजलं तर गाडी सकाळी चालू होते पण वीस-तीस किलोमीटरवर गुदमरून बंद पडते आणि झाकण उघडताना फुस्स आवाज येतो. तो रोग वेगळा, औषध मात्र एका टाचणीचं.

खर्च मांडतो. पाइप ३ मीटर ४२० रुपये, क्लिपा १६०, तांब्याचे वायसर १२०, फीड पंप किट १८०, फिल्टर जोडी ३८०, ब्रेझिंग २००. एकूण १,४६०. हे आमच्याकडचे भाव, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील. मजुरी माझी, दोन रविवार आणि एक शर्ट.

हे सगळं करूनही तुमची गाडी रुसत असेल तर परतीच्या लाइनवरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह बघा. तो पंपाच्या गॅलरीत, म्हणजे आतल्या डिझेलच्या जागेत, दाब धरून ठेवतो. स्प्रिंग मेली किंवा सीटवर कचरा बसला की दाब टिकत नाही, ओढही कमी होते. सुटा मिळतो. त्याऐवजी साधा बँजो बोल्ट ठोकलेल्या गाड्या मी बघितल्यात. बसतो व्यवस्थित, पण मग व्हॉल्व्हचं काम कोण करणार?

एअर काढायचा क्रम फिल्टरकडून नोजलकडे. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हॅण्ड पंप मारा, फेस जाऊन सलग धार आली की इंजिन बंद असतानाच हॅण्ड पंप मारत मारत आवळा. मग पंपावरचा स्क्रू, तसाच. शेवटी गरज पडली तरच नोजलच्या बाजूचे युनियन नट (लोखंडी पाइप जोडणारे) अर्धा फेरा सैल करून सेल मारा, ओलं झालं की आवळा. सेल एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर नको, मध्ये मिनिटभर स्टार्टरला थंड होऊ द्या. एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरून गाडी चालू करणारे महाभाग अजून आहेत. त्याने डिझेल इंजिनचे पिस्टन फुटतात.

जिथे स्वस्तात जायचं नाही

दुसरं टोकही सांगायला हवं, कारण १,४६० रुपयांत काम झालं की माणसाला सगळंच स्वस्तात होईल असं वाटायला लागतं. मलाही वाटलं होतं. फीड पंपाच्या पुढे मोठ्या पंपात प्लंजर आणि बॅरल यांच्यात दोन-तीन मायक्रॉनचं अंतर असतं. ते काम घरी ओट्यावर होत नाही. एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, गव्हर्नर यांना हात लावायचाच असेल तर टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडेच, आणि बेंचवरचे चारी लाइनचे आकडे कागदावर मागून घ्या. पंप उतरवण्याआधी पंप आणि इंजिनच्या फ्लँजवर छिन्नीने जुळती खूण करा, नाहीतर टायमिंगचा नवा खर्च. भंगारातला पंप घ्यायचा असेल तर त्यावरच्या पट्टीचा नंबर तुमच्या पट्टीशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. दिसायला सारखे पंप आतून वेगळे असतात.

नोजल डुप्लिकेट घेऊ नका. नोजलवर डीएलएलए आणि पुढे आकडा कोरलेला असतो, तो फवाऱ्याचा कोन. जवळपासचा आकडा चालतो असं दुकानदार म्हणतो. फवारा पिस्टनच्या खळग्याबाहेर गेला की चालतं का ते इंजिन दाखवतं. चारी नोजल बदलायची गरज आहे का ते आधी तपासा: इंजिन आयडलवर ठेवून एकेक युनियन नट सैल करायचा. आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करतोय. बदलला नाही तर तोच संशयित. ते नोजल टेस्टरवर लावून बघा, थेंब टपकतो का, फवारा सारखा पडतो का, दाब किती. माझ्याकडे चारांपैकी एकच टपकत होतं. पीयूसीला धूर वाढल्याचं कारण तेच निघालं. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना मर्यादा ६५ हार्ट्रिजची (धूर मोजायचं एकक), आणि एक टपकतं नोजल तिथपर्यंत न्यायला पुरतं. नोजल काढलं की त्याच्या बुडाचा तांब्याचा वायसर नवाच, तिथे भाजून घेतलेला जुना नको.

पंपापासून नोजलपर्यंतचे चार लोखंडी पाइप सारख्या लांबीचे असतात, म्हणूनच एकदोन उगीच वळवून बसवल्यासारखे दिसतात. फुटला तर त्याच मापाचा, त्याच भोकाचा घ्या. लोकल वाकवून घेतलेला लांब-आखूड पाइप त्या सिलिंडरचं टायमिंग बिघडवतो.

आणि हात. नोजलचा फवारा बोटाने तपासू नका, युनियन नट सैल करताना तोंड लांब ठेवा, गळती शोधायला पुठ्ठा धरा. जुन्या डीआय इंजिनातही नोजल दोनशे बारच्या आसपास उघडतं. त्या दाबाची धार कातडीतून आत जाते, बाहेर फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही. तासाभराने बोट सुजून काळं पडायला लागतं. असं झालं तर घरी हळद लावत बसायचं नाही, तडक मोठ्या दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांना दाबाचं डिझेल आत गेलंय असं स्पष्ट सांगायचं.

ब्रेझिंगला आता चौदा महिने झाले. काटा रिझर्व्हवर आला तरी पहाटे एका सेलवर चालू होते. तीन नंबरच्या नोजलवरचा परतीचा रबरी तुकडा सध्या जरासा ओला दिसतोय. तो दाबाकडचा आहे, दिसणारा आहे, त्यामुळे हंगाम उरकल्यावर बघेन.